तळ्यात काही आहे का?

यासिकोवोचं काटुन,
११ जून २०२१

बाल्शा, माझ्या राजा,

आधी आईचा आशीर्वाद घे, मग पुढचं वाच. इकडे सगळं ठीक. पाचही गाई डोंगर चढून उन्हाळ्याच्या मुक्कामाला वर काटुनमध्ये आल्या, एकही लंगडली नाही. लंगडते ती मीच. यंदा बर्फ उशिरा वितळलं, त्यामुळे झोपडीचं दार उघडण्यात अर्धा दिवस गेला, आणि आत पाहते तर उंदरांनी गेल्या वर्षीची गोधडी फस्त केलेली. शेजारच्या झोपडीत यागलिका माझ्याआधी दोन दिवस येऊन बसली आहे आणि हे ती मला दिवसातून चारदा ऐकवते. सूनबाईला सांग, काय्माकची पहिली बरणी तिची. अंगावर पाजणाऱ्या बाईने साय खाताना विचार करायचा नसतो. कोसाराला, माझ्या नातीला, दुसरा दात आला का?

तुझं पाकीट मिळालं. बारा प्रश्न, आणि तेसुद्धा आकडे घालून! मला वाटलं सरकारी नोटीसच आली. "आई, फोनवर तू विषय बदलतेस, म्हणून तळ्याबद्दल आठवेल ते सगळं लिहून पाठव," असं वर दटावून लिहिलं आहेस. मी विषय बदलत नाही. मला एका वेळी चार गोष्टी आठवतात, आणि खडकावर उभं राहून फोनवर बोलताना वारा त्यातल्या तीन उडवून नेतो. तेव्हा लिहिते. चीज न्यायला शुक्रवारी खाली रस्त्यापर्यंत गाडी येते, तिच्यातून हे पत्र येईल. थोडा चीजचा वास येईल, सांभाळून घे.

प्रश्न पहिला, पाणसरडे कधी पाहिले. लग्न होऊन आले त्या पहिल्याच उन्हाळ्यात, एक्याऐंशी साली. सकाळी गुरांना पाणी पाजायला तळ्यावर न्यायचं काम नव्या सुनेचं. गाई पाण्यात तोंड बुडवायच्या आणि उथळात बसलेले ते बाजूला व्हायचे, अगदी सावकाश, आपण पाहुण्याला खुर्ची देतो तसे. बोटाएवढे. पाठ काळपट निळी, पोट पिकल्या जर्दाळूच्या रंगाचं आणि मानेच्या दोन्ही बाजूंना पिसांसारखे झुबके. त्यांना तू कल्ले म्हणतोस. मी नदीकाठच्या गावातली, असलं काही पाहिलं नव्हतं. पहिल्या दिवशी मी किंचाळले होते आणि सासूबाईंनी ते वर्षभर सगळ्यांना सांगितलं.

दुसरा प्रश्न, लोक त्यांना काय म्हणायचे. काही नाही. 'ते' म्हणायचे. "ते आज काठाशी आलेत, पाऊस येणार." एवढंच. नाव ठेवायचं कुणाच्या मनातही आलं नाही.

तिसरा, किती होते. अरे, मी मोजायला का गेले होते? दुधाची बादली विसळायला बुडवली की एखादा आत यायचा, मग त्याला पाण्यासकट परत सोडायचं. रोजचंच होतं. तू टीव्हीवर सांगितलंस की दुसरीकडचे मोठे झाले की कल्ले टाकून जमिनीवर निघून जातात, आपल्या तळ्यातले मात्र म्हातारे होईपर्यंत कल्ल्यांसकट पाण्यातच राहायचे आणि तशीच त्यांना पिल्लंही व्हायची, आणि अशी तळी आता जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. यागलिका म्हणाली, "हे आमच्या धाकट्यासारखंच झालं. दोन पोरांचा बाप आहे, पण जेवायला माझ्याच चुलीपाशी." मी तिला म्हटलं, असा एखादा मला चालला असता.

चौथा, पाचवा आणि सहावा मला समजले नाहीत. पाण्याचं तापमान मी कशाने मोजणार? हात घातला की हात दुखायचा, असं लिही.

सातव्याचं नंतर सांगते. आठवा, तळ्यात धुणं धुवायचो का. नाही, खालच्या ओढ्यावर. नववा, गुरांना औषधं. तेव्हा कसली औषधं! दहापासून बारापर्यंत सगळ्यांचं उत्तर 'आठवत नाही' असं आहे.

टीव्हीवर छान दिसत होतास, दाढी मात्र कर. एक सांगू? तू जे म्हणालास, "पाणसरडे खाऊन संपवणारे हे ट्राउट मासे या तळ्यात ज्याने सोडले त्याचं नाव मी शोधून काढीन आणि त्याच्या हातची कॉफी या जन्मात पिणार नाही," ते मला आवडलं नाही. कॅमेऱ्यासमोर असं बोलू नये. तो माणूस कुणाचा तरी बाप असेल, भाऊ असेल. कोण जाणे काय समजून त्याने ते केलं.

कोसाराचे पहिले केस अठ्ठावीस ऑगस्टला, देवमातेच्या सणाच्या दिवशी, वर काटुनमध्येच उतरवायचे ठरवलंत हे फार बरं केलंत. कूम वुकोसावांना बोलवायला रीतीप्रमाणे बाटली घेऊन कधी जाताय? उशीर लावू नका. कूम म्हणजे काय हे मी तुला शिकवायला नको. ज्याच्या हाताने लेकराचे पहिले केस उतरतात तो घरचाच होतो, आणि ते घर पुढे बदलत नाहीत. त्यांच्या वडिलांनी तुझ्या बाबांचे केस उतरवले, त्यांनी तुझे. बाबा आजारी होते तेव्हा तीन वर्षं दर मंगळवारी त्यांना गाडीत घालून दवाखान्यात कोण नेत होतं तेही तुला ठाऊक आहे. सत्त्याहत्तरावं लागलंय आता त्यांना. हात अजून थरथरत नाही, पण पुढच्या वर्षीचं कुणी सांगावं.

सातव्याचं राहिलंच. पुढच्या पत्रात.

तुझी आई


काटुन,
९ जुलै

बाल्शा बाळा,

तुम्ही सगळे नीट पोचलात हे गाडीवाल्याकडून कळलं. तुझ्याबरोबर कामाला आलेल्या त्या चष्मेवाल्या मुलीचा एक मोजा इथे राहिला आहे, धुऊन ठेवला आहे. दोन दिवस झोपडी भरलेली होती, आता माझ्याच भांड्यांचा आवाज मला मोठा वाटतो.

मी रागावलेली नाही. तू जाताना माझ्याशी धड बोलला नाहीस, तरीही नाही. सगळ्यांदेखत "आई, सातवा प्रश्न!" असं तू तीनदा म्हणालास आणि तिन्ही वेळा मला चुलीवरचं काहीतरी करपल्याचं आठवलं, हे खरं आहे. पण बटाट्याचा काचामाक करपलाच होता, विचार त्या मुलींना.

तुमचं जाळं मी दोन्ही दिवस काठावर बसून पाहिलं. ट्राउट, ट्राउट, पुन्हा ट्राउट. पाणसरडा एकही नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तू पाण्यात कमरेपर्यंत उभा होतास आणि नुसताच खाली बघत होतास, तेव्हा मला तुझ्याकडे बघवेना. बाबा गेले तेव्हा तू असाच अंगणात उभा राहिला होतास. पाणसरड्यासाठी कुणी असं उभं राहतं का, असं मला क्षणभर वाटलं, आणि लगेच वाटलं, का राहू नये? मला हल्ली कुठलीच गोष्ट पुरती कळत नाही. एक विचार करते आणि तो संपायच्या आत त्याच्या उलटा तयार असतो.

मासे तळले तर तू म्हणालास, "मी पुरावा खात नाही." मुली हसल्या आणि त्यांनी सगळा पुरावा काट्यांसकट संपवला. वुकोसाव आपणहून वर आले होते, तुमची होडी ओढायला. "या शिकलेल्या लोकांना वल्हं कुठल्या बाजूने धरायचं ते कळत नाही," असं म्हणत दोन्ही दिवस त्यांनीच वल्हवलं. आणि जेवताना तू पुन्हा तेच काढलंस, की त्या माणसाला इथे आणून उभा करायचा आहे, विचारायचं आहे, तुला हा अधिकार दिला कुणी? वुकोसाव म्हणाले, "त्याला वाटलं असेल, आपण काहीतरी चांगलं करतोय." तू म्हणालास, "चांगलं करायला निघालेलेच सगळ्यात जास्त नासधूस करतात, कूम." ते "खरंय" म्हणाले आणि कॉफी ढवळत बसले. ते कॉफीत साखर घेत नाहीत, बाल्शा. तुला पाण्यातली कसलीही हालचाल दिसते, हे दिसलं नाही.

असो. सातवा प्रश्न. मी विचार केला. त्या काळी लष्कराचे लोक उन्हाळ्यात इकडे तंबू ठोकायचे, त्यांनी मासे सोडले असतील. यागलिका म्हणते, बदकांच्या पायांना माशांची अंडी चिकटून येतात. ती बाई बाकी काही असो, पण पन्नास वर्षं बदकं बघते आहे. आणि समजा तो माणूस सापडला. मग काय करणार? त्याच्यावर ओरडलास म्हणून मासे तळ्यातून निघून परत कॅनमध्ये जाऊन बसणार आहेत का? जाळी लाव, मासे काढ, मी रोज तुमच्यासाठी भाकरी भाजते. नाव कशाला हवं आहे?

वुकोसावांकडे अजून गेला नाहीस असं सूनबाई नेवेना म्हणाली. कामं असतात मान्य आहे. पण कूमला शेवटच्या आठवड्यात बोलवणं बरं दिसत नाही.

दाढी केलीस ते बरं केलंस.

आई


२१ जुलै

बाल्शा,

तीन वेळा खडकावर चढून फोन केला, तिन्ही वेळा तू कट केलास. चौथ्यांदा गुडघ्याने नाही म्हटलं. आज गाडीची वेळ नाही, तरी यागलिकाचा जावई खाली जातो आहे म्हणून घाईत लिहिते.

माझ्या हातून 'कॅन' असं लिहिलं गेलं आणि तेवढ्या एका शब्दावरून तू यागलिकाला फोन लावलास. तिच्या पोटात काही राहत नाही. तिने तुला सांगितलं आणि मग रडत माझ्याकडे आली, "मला वाटलं त्याला ठाऊक आहे!"

हो. दुधाचे दोन कॅन होते. तुझ्या पहिल्या केसांचा दिवस होता. वुकोसावांनी तुला भेट म्हणून ते मासे आणले होते. माझ्याने ते लिहवलं नाही.

पण तू त्यांच्या दारात जाऊ नकोस. निदान माझं पुढचं पत्र येईपर्यंत तरी नको. तुला सगळं ठाऊक नाही. तुझ्या बाबांची शपथ घालते.

आई


काटुन,
६ ऑगस्ट

बाल्शा,

आशीर्वाद आज शेवटी लिहीन, तुला हवा असेल तर घे.

तू गेलासच. माझं पत्र पोचायच्या आदल्या दिवशी. ते मला वुकोसावांनीच सांगितलं. परवा दुपारी मी ताक घुसळत होते आणि पाहते तर ते वाटेने वर येताहेत, पायी, एकटे, टोपी हातात. गाडीरस्ता जिथे संपतो तिथून इथवर तरणा माणूस दीड तास घेतो. मी पाणी दिलं, घरी गाळलेली राकिया दिली. राकियाला त्यांनी हात लावला नाही.

"कूमा रोसांडा," ते म्हणाले, "मुलगा येऊन गेला."

"ओरडला का?"

"ओरडला असता तर बरं झालं असतं. दारातच उभा राहिला. आत या म्हटलं तर नाही आला. म्हणाला, 'माझ्या मुलीच्या केसांना तुमचा हात लागणार नाही.' एवढं बोलून गाडीत बसला."

टोपी गुडघ्यावर ठेवून ते म्हणाले, "गाडीतूनच त्याने एक विचारलं. तळ्यात आधी काही होतं हे तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं का? मी म्हटलं, नाही. कुणी सांगितलं नाही, मीही कुणाला विचारलं नाही. तेव्हा कूमा, तूही तेच सांग. उगाच दोघांनी कशाला अडकायचं?"

बाल्शा, ते खोटं बोलले. त्यांनी विचारलं होतं.

आता मी सगळं सांगते, आणि मध्ये कुठे चुकले तर ते लपवण्यासाठी नाही, आठवणच तशी झाली आहे म्हणून.

चौऱ्याऐंशीचा ऑगस्ट. तू दीड वर्षाचा, मानेपर्यंत केस. काटुनमधली सगळी घरं आपल्या झोपडीपुढे जमली होती. वुकोसाव तेव्हा खाली मत्स्यबीज केंद्रात कामाला होते, हे तुला ठाऊक आहे. ठाऊक असून तुझ्या डोक्यात कसं आलं नाही याचं मला इतके दिवस नवल वाटत होतं. आता वाटतं, ते कूम होते म्हणून आलं नाही. इतर कूम कापड आणतात, कोकरू आणतात. त्यांनी आपल्या हाताने वाढवलेली ट्राउटची पिल्लं आणली. घोड्याच्या दोन्ही बाजूंना दुधाचे दोन कॅन, ओल्या पोत्यांत गुंडाळलेले. वाटेत दर ओढ्यावर थांबून पाणी बदललेलं, आणि पिल्लांना हवा मिळावी म्हणून डाव हातात घेऊन रात्रभर ते पाणी ढवळत चाललेला तो माणूस. आला तेव्हा त्याचे डोळे लाल झाले होते, आणि हसत होता. "पोराबरोबर मासे वाढतील. मोठा झाला की स्वतःच्या तळ्यातला मासा स्वतः धरेल."

कूमची भेट नाही म्हणून परत पाठवलेली कुणी पाहिली आहे का? मी तरी नाही.

पण त्यांनी तळ्यात मासे थेट ओतले नाहीत. तुझे केस उतरवून झाले, सगळे तळ्याकडे निघाले, आणि ते मागे राहून चुलीपाशी माझ्याकडे आले. मी बटाटे घोटत होते. हळू आवाजात म्हणाले, "कूमा, तू रोज गुरांना घेऊन जातेस. तळ्यात काही आहे का? काही जिवंत? असेल तर तसं सांग. मी हे खाली नदीत सोडीन आणि पोराला दुसरं काही आणीन. मला वाईट वाटणार नाही."

मी म्हणाले, "काही नाही."

त्याच दिवशी सकाळी माझ्या बादलीत एक आला होता. त्याला मी स्वतः परत सोडला होता.

का म्हणाले? सदतीस वर्षं झाली, मला अजून कळलेलं नाही. कधी वाटतं, लाज वाटली म्हणून. कूम डोंगर चढून मासे घेऊन आला आहे आणि मी काय सांगणार, की नको, आमच्याकडे पाय असलेले ते आहेत? सासूबाई पुढेच उभ्या होत्या. कधी वाटतं, मासे हवे होते म्हणून. मी नदीकाठची, तीन वर्षं उन्हाळाभर दूध आणि बटाटे खाऊन कंटाळले होते, आणि तळलेल्या माशाची मला स्वप्नं पडायची. ही काही फार मोठी गोष्ट नाही, पण ती होती. कधी वाटतं, मी खोटं बोललेच नाही. मला खरंच वाटलं की काही नाही. 'ते' म्हणजे काहीतरी आहेत हे कुणी कधी म्हटलंच नव्हतं. दगड असतात, शेवाळ असतं, तसे ते होते. मग लगेच आठवतं, की त्यांनी "काही जिवंत?" असं विचारलं होतं. आणि ते जिवंत आहेत हे काटुनमध्ये माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. ही तीन कारणं मी गोल गोल फिरवते आणि दर वेळी वेगळंच खरं वाटतं. तू शास्त्र शिकलास, तू सांग यातलं कुठलं.

मासे सोडले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तू बाबांच्या खांद्यावर, बोडक्या डोक्याने, पाण्याकडे बोट दाखवून ओरडत होतास.

पुढच्या उन्हाळ्यात ते होते, पण लहान दिसेनात, सगळे मोठेच. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात काठाशी यायचे बंद झाले. चौथ्या उन्हाळ्यात मी एक पाहिला, एका बाजूचा झुबका नव्हता त्याला. गाय आली तरी तो बाजूला सरला नाही. मी त्याला हाताने उचलून दगडाआड ठेवला. तो मी पाहिलेला शेवटचा. काय होतंय ते मला कळत होतं, बाल्शा. यात तरी मला शंका नाही. आणि मी मूग गिळून बसले, कारण दर वर्षी वुकोसाव येऊन पहिला मासा तुझ्या हातात द्यायचे आणि तू दिवसचे दिवस त्या तळ्यावर पडून असायचास. पाण्याचं वेड तुला त्या माशांनी लावलं. मग तू शिकायला गेलास, आणि पाणसरडा पहिल्यांदा कुठे पाहिलास? पुस्तकात, खाली आपल्याच तळ्याचं नाव. त्या सुट्टीत तू धावत आलास, "आई, आपल्याकडे हे होते? तुला माहीत होतं?" मी म्हणाले, "असतील." या माझ्या दोन उत्तरांपैकी कुठलं जास्त वाईट, तेही मला ठरवता येत नाही.

अजून एक कबूल करते. गेल्या पत्राच्या आधी मी तुला लिहायला घेतलं होतं, की परवा वरच्या डबक्यात मला काहीतरी हललेलं दिसलं, झुबक्यांसारखं. म्हटलं, मुलगा आनंदात धावत येईल आणि बाकीचं विसरेल. तसं काही दिसलेलं नाही. मी ते डबकं रोज बघते, दोन्ही हात टेकून, पाणी नाकाला लागेपर्यंत. एकदा असताना नाही म्हणाले, आता नसताना आहे म्हणणार नाही. तो कागद चुलीत घातला.

वुकोसाव परत निघाले तेव्हा मी त्यांना म्हटलं, "मी लिहिणार आहे त्याला." ते भडकले. इतक्या वर्षांत मी त्यांना भडकलेलं पाहिलं नव्हतं. "तुला वेड लागलंय? मुलाला आईपासून तोडतेस? मी म्हातारा, आज आहे उद्या नाही, माझ्यावर राहू दे."

"तुम्हाला काय गरज पडली आहे?"

"कूम कशाला असतो मग?" असं म्हणून टोपी घातली आणि उतरणीला लागले. यागलिकाने त्यांच्या मागे भाकरी घेऊन जावयाला पाठवलं.

आता तुझ्या सातव्या प्रश्नाचं उत्तर. वुकोसावांनी आणले, पण विचारून सोडले. या तळ्याबद्दल, आत काही आहे का असं विचारणारा माझ्या आयुष्यात एकच माणूस झाला, तुझ्याआधी. उत्तर देणारी मी. तेव्हा तुला ज्याला काठावर उभं करून विचारायचं आहे ती इथेच आहे, रोज सकाळी तिथेच असते, गाई घेऊन.

मासे काढायला या, मी जाळं ओढीन, गुडघ्याचं मी बघते. पाणसरडे दुसऱ्या कुठल्या तळ्यातून आणून सोडता येतील का, आणि सोडले तर ते हेच असतील का, हे तू त्या मुलींशी बोलत होतास, मला नीट समजलं नाही. समजलं तेवढ्यानेसुद्धा त्या रात्री मला झोप आली नाही.

वुकोसावांकडे जा. बाटली घेऊन जा, आणि या वेळी दारात उभा राहू नकोस, आत जा. कोसाराचे केस त्यांनाच उतरवू दे. त्यांनी आणलेली भेट वाईट निघाली, हात वाईट नाही. मला बोलवायचं की नाही ते तू आणि नेवेना ठरवा. सोहळा माझ्याच झोपडीपुढे व्हायचा आहे, त्यामुळे कुठे जाणार मी? बटाटे घोटून ठेवीन, चुली पेटवून ठेवीन आणि आत बसेन. हाक मारलीस तर बाहेर येईन. नाही मारलीस तर दार लोटून घेईन आणि लेकराचं हसणं आतून ऐकेन. त्याबद्दल कुणाकडे तक्रार करणार नाही, यागलिकाकडेसुद्धा नाही.

आशीर्वाद इथे लिहिते आहे. घे किंवा ठेव.

खाली 'तुझी आई' असं लिहायची सवय आहे, ते आज तुला विचारल्याशिवाय लिहवत नाही.

रोसांडा